मामाजी गच्चीवर नव्हते

सौंसर,
६ जुलै २०२५

चि. प्रणालीस,
विजूमावशीचे अनेक आशीर्वाद. आत्याचेही समज, ती आत्ता डुलक्या घेऊन राहिली आहे.

इकडे सर्व ठीक. आज एकादशी, म्हणून आत्याला साबुदाण्याची उसळ आणि मला उपासाच्या नावाखाली दुप्पट खाणं. मोहगावच्या बगीच्यात संत्र्याला फूल बरं आहे असं बगीचा वाट्यानं करणारा बटईदार सांगून गेला. तो दर वर्षी हेच सांगतो. आत्याचे गुडघे तसेच. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, कान मात्र असे की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ती मला मोजून सांगते. म्हणूनच हे पत्र. तू फोनवर सांग म्हणालीस, पण या घरात फोनवर बोललेलं सगळं आत्याला ऐकू जातं आणि नंतर त्यावर उलटतपासणी होते.

तुझं बाड मिळालं. पुण्याहून पार्सल आलंय म्हणून कुरिअरच्या दुकानातून फोन आला. हातात घेतलं तर वजनावरून वाटलं लोणचं पाठवलंस. उघडलं तर कादंबरी. स्वयंपाकाकडे दुर्लक्ष करून वाचून काढली. तू बरं लिहितेस. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी फक्त चुका काढणार आहे. सगळा जन्म मास्तरकीत गेला, लाल पेन हातात असल्याशिवाय मला वाचताच येत नाही.

मागच्या पानावरचा मजकूर छान जमला आहे. पांढुर्ण्याच्या कळंब्यांचा हुशार मुलगा परदेशातल्या आपल्या वकिलातीत अधिकारी होतो, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात एका समारंभाच्या संध्याकाळी वकिलातीच्या जिन्यावरून कोसळून मरतो, अपघात की खून? वाचून अंगावर काटा आला, आणि मी तर त्या माणसाला चहा नेऊन दिलेला आहे. केशवराव तुझ्यासाठी आजोबांचे थोरले भाऊ, भिंतीवरचा फोटो. माझ्यासाठी ते आत्याचे यजमान, आमचे मामाजी. नदी ओलांडून सावरगावला सासुरवाडीला आले की माझी वेणी ओढायचे. शहराचं नाव तू बदललंस ते बरं केलंस. आमच्या घरात त्या शहराचं नाव कोणी घेतच नसे, नुसतं 'तिकडं' म्हणायचे.

आता चुका. मामाजींची आई त्यांना पोळ्याची पुरणपोळी बांधून देते असं लिहिलंस. त्या माउलीला पुरण कधी जमलं नाही, ते आमच्याकडून सावरगावहून जायचं. जाम नदीला तू 'विशाल पात्र' दिलंस. अगं बापा, पाऊस नसला तर तिच्यात म्हशी बसतात. तिकडं ऑक्टोबरात बर्फ पडतो की नाही ते तुझं तू बघ, मला छिंदवाड्याच्या पुढची थंडी माहीत नाही.

आणखी एक. त्या शेवटच्या सुट्टीत मामाजी देवळाच्या गच्चीवरून गोटमार बघत उभे होते असं लिहिलंस. पांढरा शर्ट, हातात रुमाल, आणि मनात म्हणे 'हा रानटीपणा थांबायला हवा'. मामाजी गच्चीवर नव्हते. ते वाक्य काढ. कुठे होते ते महत्त्वाचं नाही, पण गच्चीवर नव्हते. आणि गोटमार म्हणजे काय ते वाचकांना नीट सांग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक झेंडा काढायला धावतात आणि आमचे सावरगावचे दगड मारून त्यांना अडवतात. तू 'एक प्राचीन क्रीडा' एवढ्यावर भागवलंस, पुण्यातल्या माणसाला वाटेल लगोरी आहे.

खरं म्हणजे मला शेवटच्या प्रकरणाबद्दल लिहायचं होतं आणि मी पुरणात शिरले. तू खुनी केलंस भूपेंद्रबाबूंना. नाव बदललंस, पण जाड चष्मा, बासरी वाजवायची सवय, मामाजींच्या हाताखालची नोकरी, सगळं तसंच ठेवलंस. ओळखणारा पहिल्या पानात ओळखेल. ते त्या संध्याकाळी जिन्यावर मामाजींच्या शेजारी होते आणि आधी दोघांचं जोरात भांडण झालं होतं, एवढ्यावरून त्यांची चौकशी झाली. चौकशीत काही निघालं नाही. तरी त्यांना परत बोलावून घेतलं आणि पुढे आयुष्यभर कुठल्याशा कोपऱ्यातल्या कचेरीत बसवून ठेवलं. तू भोपाळला त्यांच्या मुलीकडे गेलीस. त्या मानसीनं तुला जेवू घातलं, वडिलांचे फोटो दिले. काहून दिले असतील? तिला वाटलं असेल, इतक्या वर्षांनी बाबूजींची बाजू कोणी तरी लिहून राहिलं आहे.

खुनी दुसरा कोणी कर, प्रणाली. एखादा परका कर. रहस्यकथेत परके लोक कमी असतात का? कारण विचारू नकोस. मोठ्या माणसाचं एखादं ऐकावं.

तुझी
विजूमावशी

ता. क. आत्या उठली. पुस्तकाचा गठ्ठा चाचपून म्हणाली, एवढं मोठं लिहिलं का त्यायच्यावर? उद्यापासून दुपारच्या चहानंतर तिला वाचून दाखवायचं ठरलं आहे.


सौंसर,
२० जुलै २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी हो-नाही करत राहिले म्हणून तू रुसलीस. आत्या हाताच्या अंतरावर बसून वाती वळत होती, मी काय बोलणार होते? तुझं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. पोळा झाला की पुस्तक छपाईला जाणार, प्रकाशक थांबायला तयार नाही, आणि खुनी बदलायचा तर विजूमावशीनं एक तरी धड कारण द्यावं.

आणि तू कागद दाखवतेस. तिकडच्या डॉक्टरनं लिहिलंय की पडल्याच्या जखमेशिवाय मामाजींच्या डोक्यात डाव्या बाजूला जुनं रक्त साकळलेलं होतं, काही आठवड्यांपूर्वीच्या माराचं. म्हणजे त्यांच्यावर आधी एकदा हल्ला झाला होता, असा तुझा हिशेब. म्हणून तू ते 'पहिला हल्ला' प्रकरण रचलंस. बागेतलं धुकं, मागून येणारी पावलं, काठीचा फटका. आणि ज्यानं काठी मारली त्यानंच पुढे जिन्यावरून ढकललं. धुकं सुरेख उतरलंय, खोटं कशाला बोलू. पण ते प्रकरण मी वाचते आणि माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. परवा वरणात मीठ समजून साखर घातली. आत्यानं मुकाट्यानं खाल्लं आणि वर विचारलं, आज काय सण आहे का?

वाचनाचं सांगते. पहिले काही दिवस मजेत गेले. मामाजींचं बालपण, शिष्यवृत्ती, दिल्लीची परीक्षा, लग्न. लग्नाच्या वर्णनात तू आत्याला 'सलज्ज' म्हटलंस त्यावर ती इतकी हसली की कवळी काढून ठेवावी लागली. तिकडच्या घराबद्दल तू बरोबर लिहिलंस म्हणे. फक्त खिडकीतून चर्च दिसायचं नाही, कोळशाची वखार दिसायची. ती दुपारची वाट बघायला लागली. मला म्हणायची, आज चहा लवकर कर.

मग धुक्याचं प्रकरण आलं. मी ते गाळलं. सरळ पुढे गेले, आवाज न बदलता. नोकरीत निरीक्षक आले की फळ्यावरचं काय वाचायचं आणि काय नाही, याची मला सवय आहे. शेवटच्या प्रकरणात तर मी तोंडानंच रचलं. भूपेंद्रबाबूंच्या जागी काळा ओव्हरकोट घातलेला एक अनोळखी माणूस आणला, तो कोणत्या तरी शत्रुराष्ट्राचा हेर होता, काम करून अंधारात निघून गेला. मला वाटलं, बरं जमलं. कादंबरी संपली म्हणून चष्मा काढला.

आत्यानं हात पुढे करून गठ्ठा चाचपला. मग म्हणाली, "इजू, आज पानं दोन-दोन काहून उलटत होती तू?"

मी म्हटलं, पानं चिकटली होती.

"मधी बी एक दिवस चिकटली व्हती. आन् हा काळ्या कोटाचा माणूस पोरीचा नाही, तुह्या मनचा हाये. खरं वाच."

मी टाळायला बघितलं. स्वयंपाक आहे म्हटलं, घसा बसला म्हटलं. ती हलली नाही. तेव्हा वाचलं, धुक्यापासून जिन्यापर्यंत, जसं तू लिहिलंस तसं. भूपेंद्रबाबूंचा हात मामाजींच्या पाठीवर पडतो आणि ते खाली जातात, ते वाक्यही वाचलं.

तेव्हापासून आत्या दुपारचा चहाही मागत नाही. जेवण दोन घास. काल फक्त एवढं म्हणाली की पोळ्याला मला सावरगावला नेऊन घाल. तिनं माहेरी पोळा केल्याला किती वर्षं झाली ते मला आठवतही नाही.

तू तोवर छापखान्यात काही देऊ नकोस. मी लिहीन. लिहायला बसते आणि उठते, बसते आणि उठते. कपाटं आवरून झाली, डबे घासून झाले. थोडी सवड दे मला.

तुझी
विजूमावशी


सौंसर,
३ ऑगस्ट २०२५

चि. प्रणालीस,

आशीर्वाद, आणि कुशल वगैरे पुढच्या वेळी. आज न थांबता लिहिते, थांबले की हे पत्रही न पाठवलेल्या दोन पत्रांसारखं चुलीत जाईल.

मामाजी गच्चीवर नव्हते कारण ते नदीत होते.

तुमच्या कळंब्यांच्या घरातही हे कोणी बोलत नाही, तुला कुठून कळणार? त्या वर्षी त्यांनी कचेरीला कळवलं होतं की दिल्लीत काम आहे. सूटबूट घालणारा सरकारी माणूस पँट दुमडून दगड खायला नदीत उतरतो हे वर कळलं असतं तर काय झालं असतं, तूच विचार कर. पण पोळ्याला सुट्टी मिळाली की ते यायचेच. मला एकदा म्हणाले होते, तिकडं वर्षभर मी हळू आवाजात बोलतो विजू, एक दिवस तरी मला ओरडू दे. डोक्याला शेला गुंडाळून, 'चंडी माता की जय' म्हणत सगळ्यांत पुढे असायचे.

आणि आमच्या काठावर असायचे माझे बाबा. वसंतराव घागरे, आत्याचे थोरले भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांनीच आत्याला वाढवलं, तिचं कन्यादान केलं. वर्षभर ज्या जवायाला पाटावर बसवून तूप वाढायचं, त्याला त्या दिवशी दगड मारायचे. दोन्ही काठांवर मुली दिल्या-घेतलेल्या, त्यामुळे कोणाचा ना कोणाचा मेव्हणा समोर असतोच. बाहेरच्याला हे समजावून सांगता येत नाही, मी आता तो नाद सोडला आहे.

पण एक गोष्ट तुला समजून घ्यावी लागेल, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या घरांत त्या दिवशी लागलेल्या दगडाची चौकशी होत नाही. लागलं त्यानं विचारायचं नाही, मारलं त्यानं सांगायचं नाही, आणि पोलिसाला किंवा डॉक्टरला तर कोणीच काही बोलायचं नाही. चंडीच्या देवळातली राख लावायची, फडकं बांधायचं आणि संध्याकाळी एका पंगतीत जेवायला बसायचं. दुसऱ्या दिवशी तो विषय घरात निघत नाही.

त्या संध्याकाळी मामाजी आमच्याकडे जेवायला आले ते डोक्याला फडकं बांधून. डाव्या कानाच्या वर राखेचा काळा डाग दिसत होता. मी तेव्हा पंधराची, पुरण वाढत होते. आत्या मागून तूप घेऊन येत होती. बाबा मान खाली घालून जेवत होते. मामाजी पाटावर बसले, पहिला घास घेतला आणि हसत म्हणाले, "वसंतराव, औंदा हात चांगला बसला तुमचा."

सगळी पंगत हसली. बाबाही हसले, कानापर्यंत लाल झाले आणि मला म्हणाले, जवाईबापूंना आणखी वाढ. नियम मोडला होता तो मामाजींनी, आणि तोही लाडानं. त्यांच्या मनात काही नव्हतं. जाताना माझी वेणी ओढून गेले. पुढच्या आठवड्यात ते आणि आत्या तिकडं परत गेले, आणि कोजागिरीच्या सुमारास तार आली.

तुला 'पहिला हल्ला' पाहिजे होता ना प्रणाली, तो हा. त्यात धुकं नाही, बाग नाही. भरदुपारी, हजारो लोकांसमोर, माझ्या बाबांच्या हातून.

मी डॉक्टर नाही. पण तुझ्या कागदात 'जुनं रक्त' वाचलं आणि वर्षानुवर्षं जे मनात दाबून ठेवलं होतं ते आता टाळता येणार नाही हे कळलं. मामाजींना कोणी ढकललं नसणार. डोक्यात आतून साकळत गेलं असेल आणि त्या जिन्यावर त्यांचा तोल गेला असेल. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं, आणि मी तुला जाम नदीचं पात्र शिकवत बसले. काय करू? एका बाजूला मानसीचे बाबूजी, दुसऱ्या बाजूला माझे बाबा. माझे बाबा मुंगीवरही पाय देत नसत, गावात अजून लोक त्यांचं नाव काढतात. छापील पुस्तकात त्यांच्या नावापुढे हे यावं असं कोणत्या मुलीला वाटेल? मला नाही वाटत. अजूनही नाही वाटत.

आत्याला यातलं नेमकं किती माहीत आहे ते मला ठाऊक नाही. विचारायची माझी हिंमत नाही. ती दिवसभर खिडकीपाशी बसते आणि पोळ्याला किती दिवस राहिले ते विचारते.

तुझी
विजूमावशी


सावरगाव,
२३ ऑगस्ट २०२५, गोटमारीचा दिवस

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

माझ्या माहेरच्या घरातून लिहून राहिली आहे. घर आता माझा भाऊ अंकुश बघतो. दारं-खिडक्या बंद आहेत तरी नदीवरचा ओरडा घरात येतो आहे, मधून अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज. अंकुशला मी जाऊ नको म्हटलं, तो गेलाच. पांढुर्णा जिल्हा झाला, पोलीस बंदोबस्त वाढला, दगड मात्र तेवढेच आहेत.

काल बैलांची पूजा झाल्यावर आत्यानं मला जवळ बसवलं. म्हणाली, आता मी सांगते ते ऐक आणि पोरीला लिही, काळे कोट घालू नको मधे. तिच्याच शब्दांत लिहिते, मला त्यात काही सुधारायचं नाही; ती 'यायचं' म्हणते ते 'ह्यांचं', मामाजींचं.

"इथून गेलो तवापासून यायचं डोकं दुखे. हातातून कप पडे. माणसाचं नाव इसरून जात. मी म्हटलं डॉक्टरले दाखवा. तं म्हणे, तो इचारन कसं लागलं, कोणी मारलं, मंग काय सांगू? गोटमारीचं कोणी डॉक्टरले सांगते का? भूपेंद्रबाबूले दिसलं यायचं काही खरं नाही म्हणून. तो मागं लागला, चला म्हणे दवाखान्यात. त्याच्यावरूनच भांडण झालं. पोरीनं लिहिलं तसं बढतीबिढतीचं काही नव्हतं."

मग जिना. आत्या वरच्या पायरीवर होती, साडीचा काठ सावरत. मामाजी उतरता उतरता थांबले, जिना ओळखीचा नसल्यासारखं बघायला लागले आणि पुढे गेले.

"भूपेंद्रबाबूनं मागून धरलं त्यायले. कोट त्याच्या हातात राह्यला, माणूस गेला. खालच्या लोकायले वाटलं ढकललं. मी वरून पाह्यलं, सगळं पाह्यलं. पोलिसानं इचारलं, दुभाष्या व्हता मधी, का बाई तुम्ही काय पाह्यलं. मी म्हटलं, काही नाही. यायच्या डोक्याले आधी मार लागला व्हता का? मी म्हटलं, नाही. हो म्हटलं असतं तं दगड कोणाचा ते आलं असतं. वसंतदादानं मले खांद्यावर खेळवलं इजू. मी त्याचं नाव कसं घेऊ?"

मी विचारलं, आणि भूपेंद्रबाबू?

 ती म्हणाली की वाटलं होतं, निर्दोष माणूस आहे, सुटेल. सुटलाही. सुटल्यावरही माणसाला कोपऱ्यात बसवतात हे तिला फार उशिरा कळलं, आणि तोवर गप्प राहायची सवय झाली होती. इथं परत आल्यावर बाबांनी तिला विचारलं होतं, केशवराव कशानं गेले? ती म्हणाली, तिकडं कोणी तरी ढकललं. म्हणजे संशयाची गोष्ट आपल्या घरात तिनंच आणली. तुझे आजोबा रघुनाथराव तीच घेऊन दिल्लीला हेलपाटे घालत राहिले, आणि तुझ्यापर्यंत तीच आली.

मला तिचा राग आला, प्रणाली. तोंडावर बोलले तिला. एका माणसाचं आयुष्य गेलं आत्या, म्हटलं. ती म्हणाली, माहीत आहे, फोन लाव.

मानसीला फोन लावला. आत्या हिंदीत बोलली, तिकडं शिकलेली ती जुनी नीटनेटकी हिंदी. "बेटा, तुम्हारे पिताजी ने इन्हें धक्का नहीं दिया था. पकड़ने गए थे. मैंने देखा था, और मैं चुप रही."

  मानसीनं विचारलं की हे बाबूजी जिवंत असताना का नाही सांगितलं.  आत्यानं माफी मागितली, मानसीनं ती दिली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. शेवटी मानसी एवढंच म्हणाली, की हे पुस्तकात येईल का, तुमचं नाव घालून? आत्या म्हणाली, येईल.

तेव्हा आता तू बघ. तुझ्या रहस्यकथेत खुनी उरला नाही. प्रकाशक डोक्याला हात लावेल, लावू दे. आत्याचं नाव घाल, ती काय म्हणाली आणि काय नाही म्हणाली ते सगळं घाल. भूपेंद्रबाबूंचं खरं नाव घाल. आणि दगड वसंतराव घागरेंचा होता हेही लिही. त्यांची मुलगी परवानगी देते. आत्या म्हणाली, दादा गेला, आता त्याला कोण धरायला येतं? मीही रात्रभर तेच स्वतःला सांगत होते, सकाळपर्यंत थोडंसं पटलं.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगते.

फोन ठेवल्यावर आत्या आडवी झाली. थकली होती, पण चेहरा बरा दिसत होता. डोळे मिटून म्हणाली, "एक मात्र चांगलं केलं मी. वसंतदादाले कधी कळू नाही देल्लं. तो बिचारा सुखानं गेला."

मी उठून चहा टाकला. दुसरं काय करणार?

त्या वर्षानंतर बाबा कधी नदीवर गेले नाहीत. गोटमारीच्या दिवशी सकाळीच मोहगावच्या बगीच्यात निघून जायचे, तिथं इकडचा आवाज येत नाही. लोकांना वाटायचं मेव्हण्याचं दुःख आहे. शेवटच्या वर्षी त्यांना एकट्याला जाववेना, म्हणून मी घेऊन गेले. संत्र्याच्या झाडाखाली खाट टाकली, पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि म्हणाले, "इजू, केशवरावले डाव्या कानावर लागला व्हता ना?"

मी म्हटलं, मला नाही आठवत बाबा.

"डावीकडंच व्हता. तिकडच्या डॉक्टरनं बी डावीकडचंच जुनं लिहिलं व्हतं. रघुनाथराव दिल्लीहून आले तवा मी इचारून घेतलं." मग माझा हात धरून म्हणाले, "आत्याले सांगू नको. तिले वाटते मले माहीत नाही. तिचं तेवढं राहू दे."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं राखीला ती ओवाळायची, ते ताटात ओवाळणी टाकायचे, आणि दोघं एकमेकांना वाचवत बसलेले. मी दोघांच्या मधे पुरण वाढत होते.

हे तेवढं लिहू नकोस. आत्या आहे तोवर तरी नको. बाबांनी मारलं हे लिही, त्यांना कळलं होतं हे नको. पुढच्या आवृत्तीत घाल, आम्ही दोघी गेल्यावर घाल, तुला योग्य वाटेल तेव्हा घाल. पण पुस्तक आलं की आत्या दुपारचा चहा लवकर करायला लावणार आणि मला वाचायला बसवणार. पानांकडे कान लावून बसेल ती. या वेळी मला एकेक पान उलटायचं आहे.

नदीवर ओरडा वाढला. झेंडा निघाला वाटतं. अंकुश अजून घरी आला नाही. आत्या विचारून राहिली आहे, पंगतीला पुरण झालं का.

वसंत घागरे यांची मुलगी
विजयमाला